दातांच्या तारा : गरज कोणाची, बाजार कोणाचा?

ज्या देशात दाढ किडली तर ती उपटून टाकण्यापलीकडे गरिबाला दुसरा इलाज परवडत नाही, त्या देशात दात सरळ करण्याच्या उपचारांची चर्चा म्हणजे चैन होय, असा आक्षेप सहज घेतला जाईल. आक्षेप प्रामाणिक आहे. पण तो चुकीचा आहे आणि बाजाराच्या सोयीचाही आहे. दातांची ठेवण हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न आहे असे एकदा मान्य केले, की तिच्यावरील उपचार ही चैनीची वस्तू ठरते. चैनीची वस्तू ज्याला परवडेल त्याने विकत घ्यावी, शासनाचा तिच्याशी संबंध नाही, हा निष्कर्ष मग आपोआप निघतो. म्हणूनच आरोग्याची गरज कोठे संपते आणि बाजाराने निर्माण केलेली गरज कोठे सुरू होते, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

तोंड मिटल्यावर वरचे व खालचे दात एकमेकांवर ज्या रीतीने बसतात, त्याला दंतवैद्यकात 'चावा' म्हणतात. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वरच्या व खालच्या पहिल्या कायमच्या दाढांच्या परस्परसंबंधावरून या दोषांचे तीन वर्ग पाडले. ते वर्गीकरण आजही वापरात आहे. वरचे दात फार पुढे आलेले असले, तर मूल पडल्यावर पहिला मार त्यांनाच बसतो. खालचे दात वरच्या टाळूत रुतत असले, तर तेथे जखमा होतात. समोरचे दात एकमेकांना भिडतच नसतील, तर घास तोडता येत नाही. सुळा हाडात अडकून राहिला, तर तो शेजारच्या दाताचे मूळ झिजवू शकतो. हे सर्व आरोग्याचे प्रश्न आहेत. याउलट, एखादा दात किंचित तिरका असणे हा रोग नव्हे आणि प्रत्येक तिरक्या दाताला तार लावलीच पाहिजे असेही नाही.

या दोषांची काही कारणे आनुवंशिक असतात. अंगठा चोखण्याची सवय दीर्घकाळ टिकली तरी दात पुढे येतात. परंतु एक कारण सरळसरळ सामाजिक आहे. दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली, की शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. म्हणजे किडीवर वेळीच उपचार न मिळालेले मूल पुढे वाकड्या दातांचाही रुग्ण बनते. कीड आधी की तारा आधी, हा वादच त्यामुळे फोल ठरतो. दोन्ही एकाच साखळीचे दुवे आहेत.

उपचार कोणते?

दाताला सौम्य व सतत दाब दिला, की एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे हाड तयार होते. दात हाडातून महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. या संथ शरीरक्रियेला कोणतीही कंपनी फारशी घाई करू शकत नाही. म्हणूनच उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि त्यानंतर दात पुन्हा जुन्या जागी सरकू नयेत म्हणून 'रिटेनर' वापरावा लागतो.

किरकोळ दोषांना काढ-घाल करता येणारी साधी प्लेट पुरते. खालचा जबडा मागे राहिला असेल, तर वाढीच्या वयात 'ट्विन ब्लॉक'सारखी साधने उपयोगी पडतात. स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली ते प्रथम वापरले. पुढे आलेल्या दातांचा उपचार सात-आठ वर्षांच्या वयातच सुरू केल्याने अंतिम परिणाम अधिक चांगला होतो असे आढळलेले नाही. दातांना मार बसण्याचा धोका मात्र कमी होतो. तेव्हा घाबरलेल्या पालकांनी दोनदा खर्च करण्याआधी हे जाणून घ्यावे.

मध्यम व तीव्र दोषांसाठी दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट आणि त्यांतून ओवलेली तार, म्हणजे ज्याला आपण 'क्लिप' म्हणतो, तीच आजही सर्वांत भरवशाची पद्धत आहे. जागा फारच अपुरी असेल, तर काही उपदाढा काढाव्या लागतात. पांढरे सिरॅमिक ब्रॅकेट किंवा दाताच्या आतील बाजूने लावलेली तार यांचे मूळ तत्त्व तेच आहे. जास्तीचे पैसे मुख्यतः तार दिसू नये यासाठी मोजावे लागतात. जबड्यांचाच दोष असेल, तर वाढ पूर्ण झाल्यावर तारांच्या जोडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पारदर्शक प्लास्टिकचे 'अलाइनर' सौम्य व काही मध्यम दोषांत चांगले काम करतात. दिवसाचे वीस ते बावीस तास ते घालावे लागतात. मात्र ते प्रत्येक दोषावरचा इलाज नव्हेत.

ज्ञान समाजाचे, नफा कंपनीचा

ब्रॅकेट थेट दातावर चिकटवता येते याचे श्रेय मायकेल बुओनोकोर यांच्या १९५५ सालच्या संशोधनाला जाते. त्यापूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. वाकवली तरी मूळ आकार घेणारी निकेल-टायटॅनियमची तार १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या सरकारी प्रयोगशाळेतील मिश्रधातूतून आली. 'निटिनॉल' या नावात त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे आजही आहेत. १९७० च्या दशकात आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रियासेन यांनी ती दंतोपचारात आणली. सार्वजनिक पैशाने आणि पिढ्यांच्या सामूहिक श्रमाने उभे राहिलेले हे ज्ञान आहे.

त्यावर मनोरा कोणी चढवला? पारदर्शक अलाइनरची पहिली मोठी कंपनी १९९७ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिचे संस्थापक दंतवैद्य नव्हते, व्यवस्थापनशास्त्राचे पदवीधर होते. दोन दशके पेटंटांची भिंत उभी राहिली. २०१७ पासून मुख्य पेटंटांची मुदत संपू लागली, तसे नवे विक्रेते बाजारात उतरले. त्यांतील काहींनी तर दंतवैद्यच वगळला. २०१४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्माइलडायरेक्टक्लब' या कंपनीने घरी साचा घ्या, टपालाने पाठवा आणि अलाइनर घरपोच मिळवा, असा धंदा मांडला. २०१९ साली तिचे समभाग बाजारात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये टाळे लावले. ज्यांचे उपचार अर्धवट होते, ते रुग्ण वाऱ्यावर सोडले गेले. उपचाराला मालाचे रूप दिले की रुग्णाचे ग्राहकात रूपांतर होते आणि दुकान बंद झाल्यावर ग्राहकाची जबाबदारी कोणाचीच नसते, हा त्याचा धडा होय.

आपल्याकडेही शहरांतील जाहिरातफलक 'सुंदर हास्य' विकत आहेत. त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मुलाचे दात पुढे असले तर घरात कोणी फारसे बोलत नाही. मुलीचे असले तर लग्नाची चिंता सुरू होते आणि बाप कर्ज काढतो. आरोग्याच्या गरजेपेक्षा स्थळे पाहण्याच्या बाजारातील दडपण मोठे ठरते. ज्याला कर्जही मिळत नाही, तो स्वस्त उपाय शोधतो. दातांतील फट मिटवण्यासाठी साधे रबर गुंडाळण्याचा सल्ला तोंडोतोंडी व मोबाइलवर फिरत असतो. ते रबर हिरडीखाली सरकून मुळाकडे जाते आणि चांगला दात कायमचा गमवावा लागतो, याची जाणीव सर्वांना करून दिली पाहिजे.

मागणी काय असावी?

गरज मोजता येते. ब्रिटनमध्ये १९८९ साली दोषाच्या तीव्रतेनुसार पाच श्रेणींचा निर्देशांक तयार झाला. त्याच्या आधारे तेथील सार्वजनिक आरोग्यसेवा अठरा वर्षांखालील ज्या मुलांना खरी गरज आहे त्यांना हा उपचार मोफत देते. तेथे प्रतीक्षायादी लांब आहे हे खरे. परंतु यादीतील क्रम पाकिटावरून ठरत नाही.

भारतात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. तरीही मुंबईचे महापालिकेचे १९३३ सालचे नायर दंत महाविद्यालय, नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, तसेच बांबोळी, इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूर येथील शासकीय दंत संस्था या जनतेच्या मालकीच्या आहेत. आपापल्या गावाजवळच्या अशा संस्थेची माहिती आपल्या सभासदांनी कामगार वस्त्यांत पोहोचवली पाहिजे.

पण माहिती पुरेशी नाही. दर चार ते सहा आठवड्यांनी एक याप्रमाणे दोन वर्षांत सुमारे वीस फेऱ्या होतात. रोजंदारीवरील आईला मुलासोबत प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. तार मोफत दिली तरी हे वीस खाडे मोफत होत नाहीत. म्हणून संध्याकाळी व रविवारी बाह्यरुग्ण विभाग चालू ठेवणे आणि जिल्हा रुग्णालयात ऑर्थोडॉन्टिस्टचे पद भरणे, या मागण्या तारेच्या किमतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. आयुष्मान भारत योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती उभी आहे. बाह्यरुग्ण विभागात दोन वर्षे चालणारा हा उपचार तिच्या चौकटीत बसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून शाळांतील मुलांची तपासणी होते. तिच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत, दातांची कीड आहे. चाव्याचे तीव्र दोष त्याच तपासणीत पाहिले जावेत आणि पुढील उपचाराची जबाबदारी शासनाने उचलावी.

प्रत्येकाला एकसारखे शुभ्र, रेखीव दात मिळावेत ही आपली मागणी नाही. ज्या मुलाला घास तोडता येत नाही, त्याचा उपचार त्याच्या बापाच्या पगारावर अवलंबून नसावा, एवढीच ती आहे. ती चैनीची म्हणून जे हसण्यावारी नेतील, त्यांना आपण एवढेच विचारावे : ही चैन असेल, तर तुमच्या मुलांच्या दातांना तारा का आहेत?