कवळी आणि आपले गैरसमज

या सदरातून मी एरवी भाषेविषयी लिहितो. आज दातांविषयी लिहिणार आहे. तेही उसन्या दातांविषयी.

गेल्या येळवशीची गोष्ट. कोळारच्या शिवारात कडब्याच्या कोपीपुढे पांडवांची पूजा झाली, पंगत बसली, आणि भज्जी-उंड्यांचे ताट पुढे येताच माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने ते हलकेच बाजूस सारले. “मला आंबीलच पुरे,” ती म्हणाली. मला नवल वाटले. परंतु पाहुण्यांच्या गडबडीत मी काही विचारले नाही. आठ दिवसांनी सूनबाईच्या ध्यानात आले की आईच्या पोलक्याच्या बाह्या सैल झाल्या आहेत. मग सारे उलगडले. कवळीखाली खालच्या हिरडीवर जखम झाली होती आणि दोन महिने तिने ती कोणास दाखविली नव्हती. घरात तंबाखूची मिश्री लावण्याची जुनी सवय. तेव्हा माझ्या मनात कोणती भीती आली असेल ते वाचकांस सांगावयास नकोच.

आम्ही बीदरला दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ही कवळी किती वर्षांची?” सात वर्षांची. “मधल्या काळात कोणास दाखविली?” कोणासही नाही. दात बसविले, पैसे चुकते केले, काम संपले, असेच मी धरून चाललो होतो. शिकलेल्या माणसाचा हा गैरसमज. आणि मला वाटते, तोच सर्वांत मोठा.

कवळी बदलत नाही, पण तिच्याखालचा जबडा बदलतो. दातांच्या मुळांना धरून ठेवणारे हाड दात गेले की झिजू लागते, आणि ही झीज वर्षानुवर्षे चालूच राहते. दीर्घकाळच्या पाहणीत खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली आहे. वरची कवळी टाळूला लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालची नालेच्या आकाराची, जिभेच्या हालचालीने सतत ढकलली जाणारी. हाड झिजले की ती हलते, घासते, टोचते. म्हणून वर्षातून एकदा तरी दंतवैद्यांस दाखवावे, आतून नवा थर द्यावा लागतो काय ते पाहावे, आणि साधारणपणे पाच-सात वर्षांनी नवी करण्याची तयारी ठेवावी. ‘आता दातच नाहीत, मग दातांच्या डॉक्टरांचे काय काम?’ हा प्रश्न विनोदाला ठीक आहे, इतकेच. तोंडातील कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखविलीच पाहिजे.

दुसरी चूकही माझीच. स्वच्छतेच्या उत्साहात मीच आईला सांगितले होते की कवळी उकळत्या पाण्यात टाकीत जा. आजची कवळी बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते; उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. कोरडी ठेवली तरीही बिघडते. साध्या पाण्यात ठेवावी आणि मऊ ब्रशने, साध्या साबणाने धुवावी. दंतमंजनाने घासल्यास बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत घाण साठते.

आणि आई ती रात्रीही काढीत नसे. कारण विचारले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “नातवंडांनी असलं तोंड बघावं, असं वाटत नाही रे.” यावर दंतवैद्यांजवळही औषध नव्हते. पण हिरड्यांना विसावा लागतो. नाहीतर त्या लाल होतात, बुरशी धरते. जपानमध्ये पंच्याऐंशी व त्यांवरील वयाच्या ५२४ वृद्धांची पाहणी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले.

वरचे दात काढले की डोळे जातात, हा समज तर आपल्याकडे घरोघरी आहे. माझे एक काका या भीतीने किडलेली दाढ तोंडात घेऊन वर्षानुवर्षे हिंडले. दातांच्या मज्जा वेगळ्या, दृष्टीची मज्जा वेगळी. दात पडण्याचे वय आणि मोतीबिंदूचे वय एकच पडते. त्यावरून माणसाने नाते जोडून टाकले.

कर्नाटक सरकारने २०१४ साली दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना विनामूल्य कवळी देण्याची ‘दंतभाग्य’ योजना सुरू केली. अशा योजनांचे नियम बदलत असतात. जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात चौकशी करावी. कवळी मिळालेल्यांनी एक ध्यानात ठेवावे, की तिने मूळ दातांचे बळ येत नाही. चावण्याचा जोर पूर्वीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच राहतो. आरंभी मऊ भात-वरण, मग दुधात कुस्करलेली भाकरी, मग चटणीभाकरी. घास दोन्ही बाजूंनी चावावा. एकाच बाजूने चावल्यास कवळी दुसरीकडून उचलते.

माझी पाळी याच उन्हाळ्यात आली. वरची कवळी बसली आणि शाळा सुरू झाल्याच्या पहिल्याच तासाला ‘सकाळ’ या शब्दातील ‘स’ शिट्टीसारखा निघाला. पाचवीची मुले खो-खो हसली. आयुष्यभर ज्याने मुलांना ‘चमचा’ मधले दोन ‘च’ निराळे उच्चारावयास शिकविले, त्याने ते स्वतः पुन्हा शिकावेत, यात थोडी मौज आहेच. रोज पहाटे अर्धा तास मोठ्याने वाचावे, असे दंतवैद्यांनी सांगितले आहे.

आईची जखम, सुदैवाने, कवळी घासूनच झालेली निघाली. महिनाभर ती बिनदातांची राहिली. मग नवी कवळी आली. आता रात्री तिच्या उशाशी आणि माझ्या उशाशी पाण्याचा एकेक पेला असतो. पहाटे मी वाचावयास बसलो की ती आतून ओरडते, “अजून शिट्टी वाजते रे!”