लायगो-इंडिया : आरशांमागचे हातही इथलेच हवेत

प्रति,
लायगो-इंडिया प्रकल्प व्यवस्थापन



औंढा नागनाथच्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींची मंजुरी दिली. जमीन हिंगोलीची गेली. आता काम देताना इथल्या मुलांच्या वाट्याला फक्त पहारा आणि बागकाम येऊ नये, अशी आमच्या, म्हणजे मराठवाड्यातील भौतिकशास्त्र शिक्षकांच्या, संघटनेची भूमिका आहे.

या यंत्राचा जीव ऑप्टिकल कॅव्हिटीत आहे. चार किलोमीटरच्या प्रत्येक भुजेत समोरासमोरच्या आरशांमध्ये लेसरचा प्रकाश सुमारे 300 वेळा ये-जा करतो, तेव्हा कुठे प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून लहान हालचाल पकडता येते. पुढे अडवतो तो पुंज-गोंगाट (क्वांटम नॉइज). वरच्या वारंवारतांना फोटॉनांची अनियमित आवक नडते, खालच्या वारंवारतांना त्यांचाच आरशांवरचा दाब. ‘स्क्वीझ’ केलेला, म्हणजे एक अनिश्चितता दुसरीच्या मोबदल्यात आवळलेला, प्रकाश आत सोडून एक दाबावा, तर दुसरा उसळतो. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे वारंवारतेनुसार स्क्वीझिंग बदलणारी 300 मीटरची फिल्टर कॅव्हिटी जोडून 2023 च्या निरीक्षणफेरीपासून दोन्ही एकदम आवरले. आपल्याकडेही ती पहिल्याच फेरीपासून हवी. ‘नंतर बघू’ परवडणार नाही; पाया आणि निर्वात नळ्या आधी ठरतात.

अशा कॅव्हिटीत आरशावरचा किरकोळ डागही प्रकाश खातो आणि स्क्वीझिंगचा फायदा घालवतो. म्हणून स्वच्छ खोलीतली शिस्त, आरशांची हाताळणी आणि कॅव्हिटी ‘लॉक’ करणे (अनुनादावर धरून ठेवणे) शिकलेले तंत्रज्ञ लागतील. त्यांचे प्रशिक्षण हिंगोली, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये आत्ताच सुरू करा. आम्ही फार मोठे काही मागत नाही. प्रत्येक केंद्राला एक टेबल, लाल हीलियम-निऑन लेसर, दोन आरसे आणि त्यातल्या एकामागे पिझो (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबी बदलणारा स्फटिक) द्या. आरसा 316 नॅनोमीटर सरकला की ऑसिलोस्कोपवर अनुनादाचे पुढचे शिखर उमटते. ते स्वतः जुळवलेल्या मुलीला अनुनादाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. (आमच्या परीक्षांना अजून ती पाठच लागते, हा भाग वेगळा.)

इतक्या नाजूक यंत्राला जमिनीची कंपने चालत नाहीत, म्हणून त्यांचेही बोलू. सुरुंग आणि अवजड वाहतुकीवर निर्बंध येणार असतील, तर त्या निर्बंधांचा मसुदा मराठीत, ग्रामसभेपुढे आधी ठेवा. नोटीस लागल्यावर शेतकऱ्याला कळणे योग्य नाही.

प्रशिक्षणाचे वेळापत्रक आणि फिल्टर कॅव्हिटीबाबतचा निर्णय आम्हाला लेखी कळवावा, आणि चर्चेची पहिली बैठक औंढ्यातच घ्यावी, ही विनंती.