साधेपणा कुणाच्या वाट्याला?

परवा आमच्या शेजारच्या खालांच्या मुलीचा निकाह झाला. आम्ही बायका आत मुलीजवळ बसलो होतो. वकील आणि दोन साक्षीदार आत आले, मुलीची परवानगी घेतली आणि बाहेर गेले. निकाह म्हणजे खरं तर एवढंच. दोघांचं ईजाब-कबूल, दोन साक्षीदार आणि मेहर. पंधरा मिनिटांत आटोपतं सगळं. मग लाऊडस्पीकरवरून मौलानासाहेबांनी सांगितलं की इस्लामने निकाह सोपा केलाय, तो अवघड करू नका. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि मंडळी बिर्याणीच्या पंगतीला उठली.

बाहेर टेम्पो उभा होता. त्यात कपाट, पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, शिवाय नवी कोरी मोटारसायकल. मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं बरं का! ते एवढंच म्हणाले होते, ‘हमको कुछ नको, बेटीको जो देना है खुशीसे देओ.’ ही खुशी फेडायला खालूंना आता किती वर्षं लागतील, देव जाणे. आणि मुलीच्या हक्काचा मेहर किती ठरला? 786 रुपये. कारण काय, तर साधेपणा!

मैत्रिणींनो, तेव्हापासून मनात हाच प्रश्न घोळतोय. साधेपणाचं नाव निघालं की तो नेमका मुलीच्या हक्कातच का दाखवायचा?

बिस्मिल्लाहचा अंक म्हणून 786 आपल्याकडे बरकतीचा मानतात. पण आपल्याकडे बहुतेक लोक हनफी मसलक मानतात, आणि त्यानुसार मेहर कमीत कमी दहा दिरहम चांदीचा हवा. म्हणजे साधारण तीस ग्रॅम. आजच्या भावात 786 रुपयांत तेवढी चांदी येत नाही. सराफाच्या दुकानात एकदा विचारून बघा. म्हणजे ज्याला आपण साधेपणा म्हणतो, तो किमान मर्यादेच्याही खाली गेलेला असतो.

मोठेपणानं जहेज देणारे नेहमी हजरत फातिमांचं उदाहरण देतात. प्रेषितांनी आपल्या लेकीला जहेज दिला होता, म्हणतात. काय होतं त्यात? एक घोंगडी, पाण्याची पखाल आणि गवत भरलेली चामड्याची उशी. आणि पैसा कुठून आला? हजरत अलींनी आपलं चिलखत विकलं, त्या पैशातून संसाराची तयारी झाली, असं सांगितलं जातं. म्हणजे खर्च नवऱ्या मुलाच्या बाजूचा होता. त्यांचा मेहर मात्र लहान नव्हता. ‘मेहर-ए-फातिमी’ म्हणून आजही जो धरतात, तो साधारण दीड किलो चांदीचा. आपण ‘जहेज-ए-फातिमी’ तेवढा पाठ केला, आणि ‘मेहर-ए-फातिमी’ सोयीनं विसरलो.

आता कुणी म्हणेल, मग गरीब मुलानं लग्न करूच नये का? तसं मुळीच नाही. ज्याच्याकडे काहीच नव्हतं, त्याला प्रेषितांनी लोखंडाची अंगठी तरी शोधून आण म्हटलं होतं, तीही मिळेना तेव्हा त्याला येत असलेलं कुरआन बायकोला शिकवण्यावर निकाह लावून दिला. सवलत होती ती खरोखरच नसलेल्याला. दारात मोटारसायकल घेणाऱ्याला नव्हे. वलीमाही मुलाकडचा, ऐपतीप्रमाणे, एका बकरीचा का असेना. मुलीच्या बापानं चारशे पानांची पंगत उठवावी, असं धर्मात कुठंच नाही. ते आपण आजूबाजूला बघून उचललं. आमच्या मराठवाड्यात तर ‘जोडे की रकम’ नावानं रोख पैसे घेतात. नाव वेगळं, हुंडा तोच.

ही चर्चा नुसती गल्लीतली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अहमदाबादेतल्या एका तरुण विवाहितेनं जीव दिला. त्याआधीचा तिचा हसऱ्या चेहऱ्याचा व्हिडिओ देशभर बघितला गेला. हुंड्यासाठी छळ झाल्याची तक्रार माहेरच्यांनी केली होती. पुढं 2022 मध्ये न्यायालयानं नवऱ्याला शिक्षाही सुनावली. त्या घटनेनंतर महिनाभरात ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं सोप्या निकाहची मोहीम काढली. हुंडा नको, उधळपट्टी नको, निकाह मशिदीत साधेपणानं करा, असं आवाहन केलं. चांगलंच झालं. पण आवाहन मशिदीत होतं, आणि देण्याघेण्याचं ठरतं बैठकीच्या खोलीत. तिथं मौलाना नसतात, आपणच असतो.

कायद्याचंही ऐका. 1961 चा हुंडाबंदी कायदा मुसलमानांनाही लागू आहे. त्यात मेहर हुंड्यातून स्पष्टपणे वगळलाय. कायद्यालाही कळतं, की मेहर हा बाईचा हक्क आणि हुंडा हा गुन्हा. आपण मात्र हक्क नावापुरता ठेवला आणि गुन्ह्याला रीतभात म्हणू लागलो.

2020 च्या टाळेबंदीत पन्नास माणसांत निकाह झाले. कुणाचा निकाह त्यामुळे कच्चा राहिला? उलट कितीतरी बाप कर्जातून वाचले. तेव्हा जमलं ते आता का जमू नये?

आणि आणखी एक. मेहर उधार ठेवला, तर तो नवऱ्यावरचं कर्ज असतं. तो वारला तर वारसांच्या वाटणीआधी ते फेडायचं असतं. आपल्याकडे मय्यत उठायच्या आधी रडणाऱ्या बाईला विचारतात, ‘मेहर माफ किया ना?’ अशा वेळी कोण नाही म्हणेल? माझ्या फुफींनीही मान हलवली होती. पुढं मशीन चालवून मुलं वाढवताना त्या एकदा म्हणाल्या, ‘माफ केला म्हणजे काय केलं, ते मला तेव्हा कळलंच नव्हतं गं.’

म्हणून मुलीच्या आयांनो, सोयरीक बोलताना पहिला विषय मेहरचा काढा. मुलाच्या ऐपतीला शोभेल एवढा ठरवा. जमेल तेवढा निकाहच्या वेळीच नगद घ्या, मुलीच्या नावावर ठेवा. निकाहनाम्याची प्रत मुलीजवळच राहू द्या. आणि मुलाच्या आयांनो, ‘खुशीसे देओ’ म्हणण्याऐवजी ‘आम्हाला काही नको, टेम्पो पाठवू नका’ असं स्पष्ट सांगा. आपल्यातल्या बहुतेकजणी आज ना उद्या दोन्ही बाजूंना बसणारच आहोत.

माझ्या धाकट्या मुलाची सोयरीक पुढच्या महिन्यात बोलायची आहे. मेहरचा आकडा मीच आधी सांगणार आहे. आमच्या घरात कुरकूर सुरू झालीये. होऊ दे.