पावाचं विरजण

मैत्रिणींनो, यीस्टची पुडी न आणता घरी पाव फुगवायचा हे परदेशी खूळ वाटतं ना? आपल्या पालघर जिल्ह्याला ते नवं नाही. वसईच्या ईस्ट इंडियन घरांतले फुगे पूर्वी ताडीवर फुगत, आणि गोव्याचे पोदेर पावाच्या पिठात माडाची सूर घालत. ताडी नको असेल तर नुसत्या कणकेचंही विरजण होतं.

काचेच्या बरणीत ५० ग्रॅम कणीक आणि तेवढंच पाणी कालवून झाकण सैल ठेवा. रोज त्यातलं दोन मोठे चमचे ठेवून बाकीचं काढायचं आणि पुन्हा तेवढीच कणीक-पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी ते भसाभस फुगतं, मुलं खूश! तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र बरणी गप्प. पुष्कळ जणी इथंच ती मोरीत ओततात. थांबा! पहिला फेस वेगळ्याच जिवाणूंचा असतो. आंबटपणा वाढला की ते मागं पडतात आणि खरं यीस्ट जोर धरतं. आठवडा तरी लागतोच. बुरशी किंवा गुलाबी-केशरी छटा दिसली तर मात्र सगळंच टाका, वरवर काढून चालत नाही.

परदेशी कृतीतले तास थंड घरांसाठी असतात. बोईसर-तारापूरच्या मे महिन्यात पीठ निम्म्या वेळात फुगतं, आणि जास्त राहिलं तर सैल पडून पसरतं. तेव्हा घड्याळापेक्षा सासूबाईंना विचारा. आंबोळीचं पीठ जन्मभर आंबवलेल्या बाईला नुसत्या वासावरून कळतं. मिक्सर-फ्रीज आल्यापासून त्यांना स्वयंपाकघरात कुणी काही विचारत नाही, हे आपल्या लक्षात तरी येतं का?

पावाला मैदा-कणीक मिळून ५०० ग्रॅम, फुगलेलं विरजण १०० ग्रॅम, पाणी साधारण ३५० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम. मळणं मुलांकडे द्या. पीठ दीडपट झालं की गोळा वळून, पीठ भुरभुरलेल्या फडक्यात गुंडाळून रात्री फ्रीजमध्ये. सकाळी यजमान पहिल्या पाळीला गेले की आपण भाजायला मोकळ्या. बिडाचं जाड भांडं ओव्हनमध्ये चांगलं तापवून, झाकण घालून २३० अंशांवर २५ मिनिटं, मग झाकण काढून आणखी २० मिनिटं. पाव पूर्ण निवल्यावरच कापायचा, नाहीतर आत चिकट लागतो. तोवर मुलांना थोपवणं हेच खरं कठीण काम!

विरजण एकदा जमलं की रोज काढलेलं वाया घालवू नका. घावनाच्या पिठात घाला, छान जाळी पडते.