नियम कोणी लिहिला?

फेब्रुवारी १९६५. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांच्या विद्यापीठातल्या छोट्या गॅलरीत गेओर्ग नेस यांची रेखाचित्रं लागली होती. नेस सीमेन्स कंपनीत गणिताचं काम करत. भिंतीवरची एकही रेघ त्यांनी हातानं ओढलेली नव्हती. त्यांनी प्रोग्राम लिहिला, संगणकानं तो चालवला आणि ग्राफोमाट नावाच्या आरेखनयंत्रानं कागदावर पेन फिरवलं. उद्घाटनाला आलेले शहरातले चित्रकार बिथरले. एकानं नेस यांना विचारलं, तुमचं यंत्र माझ्या शैलीत चित्र काढेल का? नेस म्हणाले, काढेल की, तुमची शैली म्हणजे नेमकं काय ते तुम्ही मला सांगितलंत तर. वातावरण इतकं तापलं की शेवटी बेन्झे मध्ये पडले आणि ही ‘कृत्रिम कला’ आहे असं सांगून त्यांनी चित्रकारांची समजूत काढली. हा किस्सा संगणकचित्रकार फ्रीडर नाके सांगत आले आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच शहरात नेस यांच्या जोडीनं नाके यांचीही संगणकचित्रं लागली.

बेन्झेंनी वेळ निभावून नेली, पण ती तडजोड मला मान्य नाही. कृत्रिम म्हणून या चित्रांची वेगळी पंगत बसवली, की ती कला आहेत की नाहीत हा प्रश्न विचारायचीच गरज उरत नाही. आणि हा प्रश्न विचारायला हवा, कारण त्याचं उत्तर सरसकट नाही. गणितातून आलेली काही चित्रं अस्सल कला आहेत, काही नाहीत. ती यंत्रानं काढली, एवढ्यावरून दोन्हीकडे काहीच ठरत नाही.

नेस यांचंच ‘शॉटर’ घ्या. शॉटर म्हणजे खडी. १९६८च्या सुमाराचं हे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका ओळीत बारा चौकोन, अशा बावीस ओळी. वरची ओळ शिस्तीत उभी. खाली येताना चौकोन किंचित कलतात, जागेवरून हलतात, एकमेकांवर चढतात आणि तळाशी अगदी ओतून ठेवल्यासारखे पडलेले दिसतात. कोणता चौकोन किती कलणार आणि किती सरकणार हे रँडम आकड्यांवर सोडलेलं आहे. त्या आकड्यांना मिळणारी मोकळीक मात्र ओळीगणिक वाढत जाते. चित्र आहे ते या वाढण्यात. मोकळीक भरभर वाढली असती तर वरची शिस्त डोळ्यांत भरण्याआधीच मोडली असती. सावकाश वाढली असती तर तळ गाठेपर्यंत काही घडलंच नसतं. ती चाल नेस यांनी ठरवली. कुठलाही चांगला चित्रकार कॅनव्हाससमोर उभा राहून हेच ठरवत असतो, आणि ते ठरवताना तोही बोटांपेक्षा डोळ्यांनी काम करतो.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या ए. मायकेल नॉल यांनी १९६४मध्ये पीट मोंद्रियान यांच्या १९१७च्या एका चित्राच्या धर्तीवर संगणकाकडून चित्र काढून घेतलं. मूळ चित्रात छोट्या काळ्या आडव्या-उभ्या पट्ट्या एका गोलसर अवकाशात विखुरलेल्या आहेत. नॉल यांनी त्यांची लांबी, रुंदी, जागा रँडम आकड्यांकडून ठरवून घेतली आणि दोन्ही चित्रांच्या झेरॉक्स प्रती शंभर जणांना दाखवल्या. ५९ टक्के लोकांना संगणकाचं चित्र जास्त आवडलं. संगणकाचं कोणतं हे फक्त २८ टक्के लोकांना बरोबर ओळखता आलं.

हा प्रयोग यंत्राचा विजय म्हणून नेहमी सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही. झेरॉक्समध्ये रंगाचा थर आणि कुंचल्याची धार दोन्ही गेलेली असतात, हे एक. त्याहून मोठी गोष्ट अशी की नॉल यांच्या चित्राला स्वतःचं काही शोधायचंच नव्हतं. एवढ्या थोड्या खुणांवर अख्खं चित्र उभं राहू शकतं, हा शोध मोंद्रियान यांनी लावला. नॉल यांचा प्रोग्राम त्या तयार घरात राहायला आला. ओळखता न येणं ही नकलेची कसोटी झाली, कलेची नव्हे.

नॉल यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्यांचाच दुसरा अनुभव सांगायला हवा. आपल्या एका संगणकचित्राचा कॉपीराइट नोंदवायला ते गेले, तेव्हा अमेरिकी कचेरीनं आधी नकार दिला: चित्र यंत्रानं काढलंय. नॉल यांनी कळवलं की प्रोग्राम माणसानं लिहिलाय. मग शंका निघाली रँडमपणाची. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की रँडम दिसणारे ते आकडेसुद्धा ठरलेल्या सूत्रातूनच येतात. अखेर नोंदणी झाली. कायद्याचं काम पाहणाऱ्या माणसांनी इथे योग्य जागी बोट ठेवलं होतं. नियम लिहिणारा कोण, आणि त्यातलं किती त्याच्या हातात आहे?

याच कसोटीवर मी मँडेलब्रॉट संचाला कला म्हणत नाही. हे वाचून काही वाचक रागावतील, कारण संगणकावरचं सुंदर चित्र म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. एका संख्येचा वर्ग करायचा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. काही संख्यांसाठी ही साखळी आवाक्यात राहते, काहींसाठी बेफाम वाढत सुटते. या दोहोंमधली सीमारेषा कितीही मोठी करून पाहिली तरी तिच्यातली गुंतागुंत संपत नाही. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९८०मध्ये आयबीएमच्या संगणकांवर तिचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांच्या हाती जे लागलं ते आधीपासून तिथे होतं. त्यांनी ते शोधलं, रचलं नाही. मला ते बघताना सह्याद्रीचा कडा बघताना होतो तसा आनंद होतो, आणि कडाही कुणाची कलाकृती नाही. साखळी किती पायऱ्यांत निसटते त्यावरून रंग देतात, ते रंग माणूस निवडतो. कुठला तुकडा मोठा करायचा हेही तोच ठरवतो. तिथे छायाचित्रकाराइतकी कला नक्की येऊ शकते. पण ती त्या निवडीत असते आणि श्रेय सूत्राला दिलं जातं.

या सगळ्या वादात मला सर्वात जवळची वाटते ती व्हेरा मोल्नार. १९२४मध्ये बुडापेस्टला जन्मलेली ही चित्रकार पुढे पॅरिसला स्थायिक झाली आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, तिथेच वारली. १९५९पासून ती ‘काल्पनिक यंत्र’ वापरत होती: आपणच नियम घालून घ्यायचे आणि संगणक असल्यासारखे ते पायरी पायरीनं हातानं पाळायचे. खरा संगणक तिला १९६८मध्ये वापरायला मिळाला. तो तिला एवढ्यासाठी हवा होता, की एका कल्पनेची शेकडो रूपं समोर मांडता यावीत आणि त्यांतलं नेमकं कोणतं ठेवायचं ते पाहून ठरवता यावं. एकात एक बसवलेले चौकोन घेऊन त्यात तिनं अव्यवस्थेचे अगदी बारीक डोस दिले; एका मालिकेचं नावच ‘एक टक्का अव्यवस्था’ आहे.

आणि मग ‘माझ्या आईची पत्रं’. तिची आई बुडापेस्टहून दर आठवड्याला पत्र लिही. त्या अक्षराबद्दल मोल्नारनं लिहून ठेवलंय. ओळीची सुरुवात डावीकडे नेटकी, कडक, जुन्या गॉथिक वळणाची. उजवीकडे जाताना अक्षर अस्वस्थ होत जाई. वर्षं गेली तशी ती शिस्त हळूहळू मावळली आणि अस्वस्थपणाच उरला. पुढे पत्रं थांबली. मोल्नारनं आईचं अक्षर प्रोग्राममध्ये उतरवायला घेतलं. कागदावर येतात त्या ओळी, ज्यांत एकही वाचता येणारा शब्द नाही. डावीकडे आवरलेल्या, उजवीकडे सुटत गेलेल्या. ज्यांच्या घरी आईची आंतरदेशीय पत्रं जपून ठेवलेली आहेत त्यांना या चित्रांसमोर काही समजावून सांगावं लागणार नाही. आईच्या हाताची थरथर कुठून सुरू होते आणि ओळीगणिक किती वाढते, हे त्या मुलीनं आकड्यांत लिहिलं. तिनं आयुष्यभर ती पत्रं पाहिली होती म्हणूनच ते आकडे तिला सापडले. गणित कोरडं असतं असं म्हणणाऱ्यांनी हा प्रोग्राम लिहून पाहावा.

मुंबईत आपल्याकडेही हा विचार फार लवकर आला होता आणि आपण तो जवळजवळ विसरलो. जे. जे.मध्ये शिकलेले अकबर पदमसी आपल्याला माहीत आहेत ते ‘मेटास्केप’ या चित्रमालिकेमुळे, किंवा १९५४मध्ये ‘लव्हर्स’ या चित्रांवरून झालेल्या आणि त्यांनी जिंकलेल्या अश्लीलतेच्या खटल्यामुळे. नेहरू फेलोशिपच्या पैशांतून त्यांनी १९६९मध्ये व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभं केलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले तिथे एकत्र काम करत. तेव्हा तरुण असलेल्या चित्रकार नलिनी मालानीही तिथल्याच. तिथून १९७०मध्ये ‘सिझिजी’ हा पदमसींचा मूक चित्रपट आला. पडद्यावर बिंदू आणि रेषा नियमानं जोडल्या जातात, वाढतात, मोडतात. संगणकाचा त्यात संबंध नव्हता, सगळी रेखाचित्रं हातानं काढलेली. तरी पद्धत प्रोग्रामचीच. उत्तरायुष्यात पदमसी खऱ्या संगणकाकडे वळले तेव्हा, त्यांच्यापुरता विचार करायचा तर, नवं असं फारसं काही घडलं नव्हतं. आपली कला महाविद्यालयं ‘सिझिजी’ दाखवत नसतील तर त्यांनी तो दाखवावा.

राहिली एआयची चित्रं. दोन ओळी टाइप करून मिळालेलं चित्र मी, ते कितीही देखणं असलं तरी, टाइप करणाऱ्याची कला मानत नाही. त्यातला नियम त्यानं लिहिलेला नसतो. तो लाखो परक्या चित्रांमधून, बहुतेक वेळा त्या चित्रकारांना न विचारता, गाळून काढलेला असतो. अमेरिकी कॉपीराइट कार्यालयानं २०२३मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेचा मजकूर आणि मांडणी लेखिकेची मानली, मिडजर्नी या एआयनं दिलेली चित्रं मानली नाहीत. मला तो निवाडा रास्त वाटतो. स्वतःचीच चित्रं देऊन यंत्राला शिकवणारा किंवा शेकडो प्रती बाजूला सारून एकीवर थांबणारा कुणी असेल, तर त्याचं काम मी उघड्या मनानं बघेन.

कला महाविद्यालयांतल्या शिक्षकांकडे म्हणून एक मागणी आहे. विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रदर्शनात प्रोग्राममधून आलेलं चित्र लावाल तेव्हा शेजारी त्याचा प्रोग्राम छापून लावा, आणि त्याखाली विद्यार्थ्यानं नाकारलेल्या दहा-बारा प्रती.