स्वातंत्र्यदिन, फ्रेंच राज्यक्रांती आणि आपण

पंधरा ऑगस्ट हा आपल्या धर्मग्रामांत दुहेरी सणाचा दिवस असतो. सकाळी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा, मग पटांगणात झेंडावंदन, राष्ट्रगीत, एखाद्या पाहुण्याचे दहा मिनिटांचे भाषण आणि शेवटी चहा-बिस्किटे. त्या दहा मिनिटांत स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे तीन शब्द हटकून येतात. हे शब्द फ्रान्सने जगाला दिले असे वक्ता सांगतो, टाळ्या पडतात, आणि तिन्ही शब्द सव्वीस जानेवारीपर्यंत पुन्हा कपाटात जातात. माझा आक्षेप भाषणाला नाही. माझा आक्षेप आपल्या न वाचण्याला आहे. फ्रान्सचा इतिहास ज्या कॅथलिक माणसाने खरोखर वाचला असेल, त्याला हे तीन शब्द इतक्या सहजतेने उच्चारता यायचे नाहीत.

पुण्यात फ्रेंच भाषेची तर मुळीच वानवा नाही. अकरावी-बारावीला भरघोस गुण देणारा विषय म्हणून आपली मुले ती घेतात. काही जण रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्रान्सेझमध्ये शिकतात. कित्येकांचा डोळा कॅनडावर असतो. त्यात गैर काही नाही. परंतु चौदा जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय सण नेमका कशाची आठवण म्हणून पाळतात, असे यांपैकी कोणालाही विचारून पाहा. 'बॅस्टिल पाडले त्याची,' एवढे उत्तर मिळेल. १४ जुलै १७८९ रोजी त्या तुरुंगात अवघे सात कैदी होते, हेही एखादा सांगेल. पण १८८० साली ज्या कायद्याने हा सण ठरवला, त्यात साल लिहिलेलेच नाही. कारण चौदा जुलै दोन आहेत. दुसरा १७९० सालचा. त्या दिवशी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर प्रचंड जनसमुदायासमोर वेदी उभारली गेली, ओताँचे बिशप तालेराँ यांनी मिस्सा अर्पण केली आणि राजापासून सैनिकापर्यंत सर्वांनी राष्ट्राशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. (तालेराँची स्वतःची श्रद्धा कितपत होती, हा प्रश्न येथे नको.) म्हणजे, ज्या क्रांतीला आपण ख्रिस्तसभेची वैरीण म्हणून ओळखतो, तिचा पहिला वाढदिवस मिस्सेने साजरा झाला होता.

मग वैर आले कोठून?

आमच्या पिढीला सेमिनरीत ही क्रांती शिकवली गेली ती छळाच्या प्रकरणात. तो छळ खोटा नव्हता. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या तुरुंगांत धर्मगुरूंची कत्तल झाली. त्यांतील १९१ हुतात्म्यांना १९२६ साली धन्य घोषित करण्यात आले. १७ जुलै १७९४ रोजी काँपियेनच्या सोळा कार्मेल धर्मभगिनी एकामागून एक गिलोटिनखाली गेल्या. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना संतपद दिले. त्यांच्या रक्ताची किंमत कमी करणारा इतिहासकार मला मान्य नाही. परंतु पुस्तक सातव्या प्रकरणापासून वाचायला घेणारा वाचकही मला मान्य नाही. आधीची सहा प्रकरणे आपण का वगळतो?

त्या सहा प्रकरणांत ख्रिस्तसभा बळी नाही. ती सत्तेच्या पंगतीला बसलेली आहे. १७८९ साली फ्रान्समधले जवळजवळ सगळे बिशप सरदार घराण्यांतले होते. जमिनी, दशांश, करमाफी हे सारे धर्माच्या नावावर होते. खेड्यातल्या साध्या धर्मगुरूच्या वाट्याला मात्र त्या दशांशातले किमान वेतन येई, ते १७८६ पासून वर्षाला सातशे लिव्हर. वर्साय येथे प्रतिनिधींची सभा भरली तेव्हा धर्मगुरूवर्गाच्या प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक असे साधे पॅरिश धर्मगुरू होते. जून महिन्यात पोआतू प्रांतातले तीन धर्मगुरू आपला मानाचा वर्ग सोडून सामान्य लोकांच्या सभेत जाऊन बसले, त्यांच्यामागून आणखी गेले, आणि आठवड्याभरात धर्मगुरूवर्गाचे बहुमतच तिकडे झुकले. हे तिघे गेले नसते तर पुढचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता कोण जाणे. माझ्यासारख्या धर्मगुरूला हा प्रसंग कोणी शिकवला नाही याचे मला आजही नवल वाटते.

अलेक्सी द तॉकव्हिल यांनी १८५६ साली प्रसिद्ध केलेल्या जुन्या राजवटीवरील ग्रंथात याचा निवाडा केलेला आहे. लोकांचा संताप ख्रिस्ती सिद्धांतांवर नव्हता. धर्मगुरू जमीनदार होते, वसुली करीत होते, राज्यकारभारात भागीदार होते, त्यावर होता, असे त्यांचे म्हणणे. तॉकव्हिल कोणी धर्मद्वेष्टे नव्हते. पुढे १२ जुलै १७९० रोजी राष्ट्रसभेने धर्मगुरूंसाठी नागरी संविधान केले. बिशप आणि धर्मगुरू मतदारांनी निवडावेत, त्यांना पगार सरकारने द्यावा, असे ठरवले आणि त्यावर शपथ घेण्याची सक्ती केली. ही सभेची घोडचूक होती. टिमथी टॅकेट या इतिहासकाराने १९८६ सालच्या आपल्या ग्रंथात या शपथेचा गावोगावचा हिशेब मांडला आहे. बिशपांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनीच शपथ घेतली, पण पॅरिश धर्मगुरूंपैकी निम्म्याहून थोड्या अधिकांनी घेतली. ज्या प्रांतांनी शपथ नाकारली, तेथे विसाव्या शतकातही देवळे भरलेली दिसत. जेथे ती स्वीकारली, तेथे ती बऱ्याच अंशी ओस पडली. एका शपथेची सावली दीडशे वर्षे पडावी, हे वाचताना अंगावर काटा येतो.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. तो काहींना रुचणार नाही.

मार्च १७९१ मध्ये पोप सहावे पायस यांनी नागरी संविधानाचा निषेध केला, तो रास्त होता. परंतु त्याच पत्रात, धर्माच्या बाबतीत प्रत्येकाला हवे ते मानण्याचे व बोलण्याचे स्वातंत्र्य असावे, ही कल्पनाही त्यांनी अमान्य केली. पुढे पोप सोळावे ग्रेगरी यांनी आपल्या परिपत्रकात सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याला याहूनही कठोर शब्दांत झिडकारले. त्या परिपत्रकाचा रोख होता फ्रान्समधील लामने या धर्मगुरूच्या गटावर. देव आणि स्वातंत्र्य हे दोन्ही एकत्र नांदू शकतात असे म्हणणारे वृत्तपत्र त्यांनी चालवले होते. परिपत्रकाची तारीख पाहा: १५ ऑगस्ट १८३२, स्वर्गोन्नयनाचा सण. बरोबर एकशे पंधरा वर्षांनी त्याच तारखेला आपला देश स्वतंत्र झाला. आणि त्या देशाने आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला बहाल केले. आपली देवळे, आपल्या शाळा, आपल्या मिरवणुका ज्या छत्राखाली उभ्या आहेत ते छत्र हे आहे. रोममध्ये त्याला मान्यता मिळायला ७ डिसेंबर १९६५ उजाडावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत झाला. १७९१ ते १९६५ म्हणजे एकशे चौऱ्याहत्तर वर्षे! भारताच्या संविधान सभेत जेसुइट फादर जेरोम डिसोझा सदस्य होते. म्हणजे भारतीय कॅथलिकांनी रोमच्या सोळा वर्षे आधी ही वाट धरली होती. याचा अभिमान आपण बाळगत नाही, कारण आपल्याला तो इतिहास ठाऊकच नाही.

हक्क आणि कृपा यांतला फरक पुणेकराला तर सहज कळावा. पॅरिसमध्ये धर्मगुरू मारले जात होते त्याच १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती लोकांसाठी जागा दिली आणि तीवर आजचे सिटी चर्च उभे राहिले. ही गोष्ट आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, आणि सांगावीच. परंतु ती कृपा होती. फौजेत उपयोगी पडणाऱ्यांवर राज्यकर्त्याने केलेली कृपा. त्याच राज्यात त्याच शहरातल्या अतिशूद्राच्या वाट्याला काय होते, तेही आठवावे.

हक्काची भाषा पुण्यात आली ती दुसऱ्या वाटेने. फ्रेंच क्रांतीवर बर्क यांनी टीका केली, तिला उत्तर म्हणून टॉमस पेन यांनी १७९१-९२ मध्ये मानवी हक्कांवर ग्रंथ लिहिला. पेन पुढे फ्रान्सच्या सभेत निवडून आले. राजाला फाशी देऊ नये असे मत दिले. आणि शेवटी तुरुंगात पडले. तो ग्रंथ १८४७ साली पुण्यात वीस वर्षांच्या जोतीराव फुले यांनी वाचला. वर्षभरात भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. ती प्रॉटेस्टंटांची होती, आपली नव्हे, हेही नोंदवून ठेवू. एका माणसाने एक पुस्तक मन लावून वाचले तर काय होते, याचे याहून जवळचे उदाहरण मला देता येत नाही. आणि ते तीन शब्द केवळ फ्रान्सचे, असे सांगणाऱ्या वक्त्याने हेही वाचलेले असावे की, डॉ. आंबेडकरांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात, आपण ते फ्रेंच क्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतले, असे स्पष्ट सांगितले होते.

काही तरुण मला म्हणतात, 'फादर, फ्रान्ससारखा कडक धर्मनिरपेक्षपणा आपल्याकडे हवा.' त्यांनी १९०५ चा विभक्तीकरणाचा कायदा वाचावा आणि २००४ चाही, ज्यान्वये सरकारी शाळेत मोठा क्रूस, हिजाब, ज्यू टोपी घालण्यास मनाई झाली आणि शीख मुलांना पगडीपायी शाळा सोडावी लागली. तसे येथे नको. गंमत अशी, की त्याच कडक प्रजासत्ताकाने पंधरा ऑगस्टची, मरियेच्या सणाची, सार्वजनिक सुट्टी आजतागायत राखली आहे.

फ्रेंच इतिहास वाचल्याने खरी अडचण होते ती घरात. समतेचा मंत्र आपण बाहेरच्यांना ऐकवतो. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित झाल्या. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. हा अन्याय आहे, आणि दहा ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो ते योग्यच आहे. पण पुढच्याच पाच दिवसांत आपल्याच धर्मग्रामात काय चालते? अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबाच्या मुलीचे स्थळ सुचवले की, 'मूळचे कुठले?' असा प्रश्न येतो. त्या प्रश्नाचा अर्थ गाव नव्हे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. समितीवर कोण, वाचनाला कोण, आणि मांडव घालायला व खुर्च्या उचलायला कोण, हे एकदा मोजून पाहावे. भारतीय बिशपांनी २०१६ साली दलितांविषयीच्या धोरणपत्रात, ख्रिस्तसभेच्या आत भेदभाव आहे, हे स्वतः कबूल केले. ते पत्र आपल्यापैकी किती जणांनी वाचले?

१७८९ च्या फ्रान्समध्ये सरदार घराण्यातला बिशप आणि सातशे लिव्हरांचा धर्मगुरू एकाच वेदीवर उभे राहत, एकच श्रद्धावचन म्हणत. त्याने दोघांतले अंतर मिटले नाही. ते तुंबत गेले आणि जेव्हा फुटले, तेव्हा निरपराध कार्मेल भगिनीही त्यात वाहून गेल्या.

'लोक वाचत नाहीत, फादर,' असे मला समितीच्या बैठकीत ऐकवले जाते. वाचायला दिले कधी? बहुतेक धर्मग्रामांच्या वाचनालयाची किल्ली कोणाकडे आहे, हे शोधण्यातच रविवार जातो. येत्या पंधरा ऑगस्टला पाहुण्याला सुट्टी द्यावी. झेंडावंदनानंतर सभागृहात तासभर बसावे. एका तरुणाने संविधानाची उद्देशिका आणि पंचविसावा अनुच्छेद मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने १९६५ च्या जाहीरनाम्याचा मराठीत केलेला गोषवारा, तिसऱ्याने पोआतूच्या त्या तीन धर्मगुरूंची हकीकत, आणि एखाद्या भगिनीने बिशपांच्या २०१६ च्या धोरणपत्रातले एक पान. प्रश्न विचारायला मोकळीक असावी, धर्मगुरूंनाही. चहा त्यानंतर.