आपला युवी उसात जन्मतो

सुट्टीत पोरांना कोणता सिनेमा दाखवू, असं कुणी विचारलं की मी 'दिल्ली सफारी' सांगतो. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सचा, निखिल अडवाणी दिग्दर्शित हा अ‍ॅनिमेशनपट २०१२ साली आला आणि सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही घेऊन गेला. मुंबईतल्या जंगलावर बुलडोझर येतात, बिबट्याचा बछडा युवी याचा बाप सुलतान मारला जातो. मग आई बेगम, माकड बजरंगी, अस्वल बग्गा ही मंडळी एका बोलक्या पोपटाला बळेच सोबत घेऊन दिल्लीला निघतात, थेट संसदेत गाऱ्हाणं मांडायला. गोविंदाच्या आवाजातला बजरंगी तर धमाल.

आमच्या पुरुषोत्तमनगरात मात्र हा सिनेमा दाखवून नुसतं 'जंगल वाचवा' म्हणून भागणार नाही. आपल्या शहादा-तळोदा पट्ट्यातल्या बछड्याचं घर बहुतेक वेळा साखर कारखान्याच्या ऊसपट्ट्यातच असतं.

आणि का नसावं? आडसाली ऊस दीड वर्ष उभा. आत गारवा, चारीला पाणी, बांधावर डुकरं, गावात कुत्री-शेळ्या. बिबट्याच्या मादीला याहून निवांत बाळंतिणीची खोली कुठे मिळणार? विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतशिवारात अभ्यास केला, तेव्हा १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. तेही जंगल नसलेल्या, माणसांनी गजबजलेल्या भागात. हे वाट चुकलेले पाहुणे नव्हेत, शिवारातलेच रहिवासी.

मग ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. टोळी फडात शिरते, कोयते चालतात आणि पाचटात मांजराएवढे दोन-तीन बछडे सापडतात. आई आसपासच दबा धरून असते. इथे आपल्याकडे काय होतं? गर्दी जमते, बछडा मांडीवर घेऊन फोटो निघतात. खरं तर अंधार पडताना बछडे त्याच जागी ठेवून माणसं लांब गेली, तर मादी येऊन एकेक उचलून नेते. जुन्नरकडे वनखात्यानं हे कितीदा तरी करून दाखवलंय. उलट बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा उद्योग तिथेच अंगाशी आला, हल्ले वाढले.

सिनेमा तोकडा पडतो तो इथे. त्यात खलनायक आयता आहे, त्याच्यावर राग काढून पोरं मोकळी होतात. आपल्या फडात खलनायक कोण? ऊस लावणारा शेतकरी नाही. तोडणारा तर नाहीच. त्याचं स्वतःचं लेकरू कोपीत, दाराच्या जागी लावलेल्या पोत्याआड झोपतं. पहिला धोका त्यालाच. वाघदेव पुजणाऱ्या सातपुड्यातल्या माणसाला बिबट्याबरोबर राहायचं कसं हे मुंबईच्या पोपटानं शिकवायची गरज नाही. त्याला हवाय कोपीपुढे दिवा आणि आडोशाचा संडास.

तेव्हा कारखान्याला विनंती: गाळप सुरू होण्याआधी तळावर एकदा पडदा लावा, पोरांना 'दिल्ली सफारी' दाखवा, आणि त्याच रात्री मुकादमांना वनरक्षकासमोर बसवा. दिव्यांचा खर्च हंगामाच्या हिशेबात धरा. आणि वाचकहो, फडात बछडा दिसला तर हात लावू नका. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा.

— तापीकाठचा